मास्टर उघडला म्हणजे टॉवेल तयार झाला?

प्रश्न : नमस्कार ताई. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात पीपीसी (उत्पादनाचं नियोजन) बघतो. दिवाळीनंतर आमच्याकडे मायक्रोसॉफ्टचं डायनॅमिक्स ३६५ सप्लाय चेन हे सॉफ्टवेअर बसवलं. त्यात 'प्रॉडक्ट रेडीनेस पॉलिसी' म्हणून एक प्रकार चालू आहे. नवा आयटम कोड, म्हणजे मालाचा मास्टर, उघडला की २७ तपासण्या समोर येतात, सगळ्या सक्तीच्या आणि सगळ्या माझ्याच नावावर. सुताचं मला कळतं, पण एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) आणि कॉस्टिंगचं मी काय सांगणार? शेवटी एका दमात सगळ्यांवर 'झालं' मारतो. मार्केटिंगवाले ओरडतात की ऑर्डर अडते. मालक म्हणतात, बंदच करून टाक. करू का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : बंद करू नका. २७ च्या ९ करा, आणि त्यातल्या ३ च तुमच्या नावावर राहू द्या. कुठल्या ते सांगते. आधी माझी फजिती ऐका, म्हणजे ही यादी कुठून आली ते कळेल.

मी ११ वर्षं इथल्याच एका टॉवेल कारखान्यात प्लॅनिंगला होते. सॉफ्टवेअर वेगळं होतं, पण यादी तुमच्यासारखीच लांबलचक. माल होता ७० बाय १४० सेंटिमीटरचा, ४५० जीएसएमचा (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) बाथ टॉवेल. ०.७ गुणिले १.४ म्हणजे ०.९८ चौरस मीटर, त्याला ४५० नं गुणलं की ४४१ ग्रॅम. आपल्याकडे मागावरचा माणूसही हे तोंडी सांगतो. मी वजनाच्या रकान्यात ४४१ टाकलं आणि पुढं गेले. रकाना किलोचा होता! सिस्टिमनं एवढंच बघितलं की वजन भरलंय का. भरलं होतं, हिरवी खूण आली. दोन महिन्यांनी २,००० नगांची ऑर्डर निघाली आणि डिस्पॅचच्या पोरानं पॅकिंग लिस्ट काढली, तर एकूण वजन ८८२ टन. खरं होतं ८८२ किलो. पोरगं कागद घेऊन थेट माझ्या टेबलाशी. "मॅडम, ट्रकचं जाऊ द्या, मालगाडी सांगू का?" पुढं वर्षभर कँटीनमध्ये मी 'मालगाडी मॅडम' होते.

चूक एवढी ढळढळीत होती म्हणून हसण्यावारी गेली. ०.४४१ च्या जागी ०.४१४ पडलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. नगामागं २७ ग्रॅम, २,००० नगांना ५४ किलो. त्या वजनावरून सुताचा हिशेब काढला असता तर ५४ किलो सूत कमी मागवलं गेलं असतं, आणि शेवटच्या बीमला (ताण्याच्या रुळाला) माग बंद पडून उभे राहिले असते.

आता तुमची पॉलिसी. इंजिनिअरिंग चेंज मॅनेजमेंटच्या सेटअपमध्ये ती असते. तपासण्या तीन जातीच्या. पहिली सिस्टिम चेक : नोंद आहे की नाही, हे सॉफ्टवेअर स्वतः बघतं. दुसरी मॅन्युअल चेक : नोंद आहे, पण ती बरोबर आहे का, हे माणूस उघडून बघतो. तिसरी चेकलिस्ट : आपण तयार केलेली प्रश्नावली संबंधित माणूस भरतो. माझं ४४१ पहिल्या जातीच्या चाळणीतून सुखरूप खाली उतरलं, कारण तिला आकडा दिसतो, काटा दिसत नाही. तुम्ही एका दमात टिका मारता तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीचीही पहिली करून टाकता, आणि तीही जास्त वाईट. कारण खाली तुमचं नाव असतं.

सिस्टिमकडं फक्त दोन ठेवा : चालू बीओएम (मालाला काय किती लागतं ती यादी) आहे का आणि रूट (कुठलं काम कुठल्या क्रमानं होतं ते) आहे का. बीओएम नसेल तर प्लॅनिंगला पाईलचं सूत, ग्राउंडचं सूत, बाणा (आडवं सूत) यातलं काहीच दिसत नाही. ऑर्डर दिसते, सुताची गरज शून्य.

तुमच्या नावावर तीन मॅन्युअल. एक, बीओएममधला सुताचा काउंट (जाडीचा आकडा) आणि प्रमाण खरं आहे का. बरेचदा जुन्या कोडवरून कॉपी मारलेली असते आणि २० चा काउंट तसाच राहतो. दोन, डिफॉल्ट ऑर्डर सेटिंगमध्ये 'प्रॉडक्शन' निवडलंय का. हे राहिलं तर एमआरपी (मालाची गरज काढणारा सिस्टिमचा हिशेब) तुमचाच टॉवेल बाहेरून खरेदी करायची सूचना काढतं. हसू नका, एका कारखान्यात खरेदीवाल्यानं तशी सूचना मान्य करून पुरवठादार शोधायला सुरुवात केलेली मी पाहिली आहे. तीन, डझन आणि नग यांचं रूपांतर. पार्टी डझनात मागते, आपण नगात विणतो. १२ चा हा आकडा कुठंच भरलेला नसतो, कारण प्रत्येकाला वाटतं की तो सगळ्यांना माहीतच आहे.

कॉस्टिंगची चौथी मॅन्युअल अकाउंट्सकडं द्या. खर्चाचा आकडा शून्य राहिला तर रिपोर्टमध्ये विक्रीची रक्कम सगळीच्या सगळी नफा दिसते, आणि असा रिपोर्ट मालकाच्या हातात पडल्यावर पुढचे दोन दिवस काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

राहिल्या तीन चेकलिस्टा. क्यूसीच्या (दर्जा तपासणीच्या) प्रश्नावलीत 'वजन तपासलं का' असं विचारू नका, उत्तर 'होय' च येणार. 'दहा नग काट्यावर ठेवून एका नगाचं सरासरी वजन किलोत लिहा' असं लिहा. धुतल्यावर लांबी किती आटली तेही आकड्यात मागा. पॅकिंगकडं केअर लेबल, बारकोड, कार्टनमध्ये नग किती. तिसरी जीएसटी बघणाऱ्याकडं, एचएसएनची. सुती टेरी टॉवेल ६३०२६० मध्ये येतो. ५८०२ हे टेरी कापडाचं आहे, तयार टॉवेलाचं नाही. वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर बिलावर सहा अंक लागतातच, चारवर भागत नाही.

बाकीची प्रत्येक ओळ व्यक्तीच्या नावानं न टाकता टीमच्या नावानं टाका. नाहीतर अकाउंट्समधला एक माणूस गड्ड्याच्या यात्रेला सुट्टीवर गेला की सगळे नवे कोड सिद्धेश्वराच्या भरवशावर. आपोआप मंजुरीची खूण सिस्टिमच्या दोन ओळींना आणि पॅकिंगला राहू द्या. कॉस्टिंग आणि क्यूसीची मात्र काढा, तिथं दुसऱ्या माणसाच्या डोळ्याखालून आकडा गेलाच पाहिजे. पॅकिंगची ओळ सक्तीची नको. पार्टी बारकोडची फाईल शेवटच्या आठवड्यात पाठवते आणि तोवर टॉवेल विणून झालेला असतो.

आता आहे तीच पॉलिसी खरडत बसू नका. नवी करा, टॉवेलच्या इंजिनिअरिंग कॅटेगरीला ती जोडा, मग जुनी निष्क्रिय करा. जुनी अजून कॅटेगरीला जोडलेली असेल तर सिस्टिम ती निष्क्रिय करूच देत नाही, तिथं बरेच जण अडकतात. सूत आणि पॅकिंग मटेरियलला वेगळी, चार-पाच ओळींची पॉलिसी करा. सुताच्या कोनाला रूट विचारण्यात काय अर्थ? एक लक्षात असू द्या, नवी पॉलिसी पुढं रिलीज होणाऱ्या कोडांना लागते. आधी रिलीज झालेल्यांना ती हात लावत नाही. तुम्ही डोळे झाकून पास केलेले सगळे कोड एक्सेलमध्ये काढा आणि निदान वजन आणि काउंट एकदा डोळ्याखालून घाला. कंटाळवाणं काम आहे, पण ते तुम्हालाच करावं लागेल, टिका तुमच्या आहेत.

मार्केटिंगच्या ओरड्याबद्दल : त्यांची ऑर्डर तपासणीमुळं अडत नाही, कोडांच्या गर्दीमुळं अडते. आधी ते प्रत्येक कोटेशनला कोड उघडायला लावतात, त्यातले निम्मे पुढं मरतात, आणि खरी ऑर्डर आली की तिचा कोड त्याच गर्दीत. पार्टीनं लॅब डिप (रंगाचा नमुना) मंजूर केला की त्या दिवशी कोड उघडायचा, आधी नाही. बीम भरेपर्यंत ९ ओळींना पुरेसे दिवस मिळतात.

प्रश्न : ताई, आमचे पूर्व भागात १२ माग आहेत, चादरीचे. एवढं मोठं सॉफ्टवेअर आम्हाला परवडायचं नाही. मुलगा हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरतो, बाकी सगळं वहीत. आम्ही असलं काही करावं का?
— एक मागवाले, सोलापूर

उत्तर : काका, सॉफ्टवेअर घेऊ नका. वहीचं एक पान घ्या. नव्या डिझाइनचं नाव वर, खाली चार ओळी : जकार्डचं डिझाइन कोणी तपासलं, सूत किती किलो आणि कुठल्या रंगाचं, पहिली चादर काट्यावर किती भरली, दर कोणी ठरवला. प्रत्येक ओळीपुढं सही, आणि एकाच माणसाच्या चार सह्या चालणार नाहीत. घरात तुम्ही, मुलगा आणि रंगवाला एवढे तिघं असलात तरी पुष्कळ. चार सह्या झाल्याशिवाय दुसरी चादर मागावर चढवायची नाही.

एक पाचवी ओळ तुमच्यासाठी मुद्दाम. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. त्याचं चिन्ह लेबलवर छापायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी लागते. सोलापुरात माग आहे एवढं पुरत नाही. तेव्हा लेबलवाल्याला फाईल पाठवण्याआधी मुलाला विचारा, आपली नोंदणी आहे का.

प्रश्न : आम्ही चालू टॉवेलची फक्त बॉर्डर बदलली. डॉबीची (विणीतल्या नक्षीची) जुनी पट्टी काढून नवी घातली. कोड तोच ठेवून नवी व्हर्जन केली, तर सगळ्या तपासण्या पुन्हा आल्या. हे बरोबर आहे का? त्रास होतो.
— एक वाचक, चिंचोळी

उत्तर : बरोबर आहे. ही पॉलिसी नव्या कोडाला लागते, नव्या व्हेरियंटला लागते आणि नव्या व्हर्जनलाही लागते. जुनी व्हर्जन त्यामुळं बंद पडत नाही, जुना माल तिच्यावर संपवता येतो.

त्रासाचं म्हणाल तर डॉबीची पट्टी बदलली की बॉर्डरचं सूत बदलतं, वजन दहा-पंधरा ग्रॅमनं हलू शकतं आणि रूटमध्ये मागाचा वेगही. तेवढ्या तीन ओळी मन लावून बघा. एचएसएन तेच राहणार, ती ओळ जीएसटीवाला मिनिटात उरकेल. आणि तुमच्या क्यूसीच्या टेबलावर काटा नसेल, स्टोअरमध्येच असेल, तर आधी तो उचलून इकडं आणा. काटा आणायला जिना उतरावा लागतो म्हणून वजन अंदाजानं लिहिणारे मी पुष्कळ पाहिलेत.