‘काहीच नसणं’ म्हणजे नेमकं काय? खरोखर काहीच नाही, अशी स्थिती शक्य आहे का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मित्रांमध्ये वाद झाला. एक म्हणाला शून्य म्हणजे काहीच नाही, दुसऱ्याने अंतराळाचं उदाहरण दिलं. दोघेही चुकले.

शून्य ही चांगली धडधाकट संख्या आहे. गणिती ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये तिच्या बेरीज-वजाबाकीचे नियम लिहून ठेवलेत. (शून्याला शून्याने भागताना तो घसरला, ते सोडा.) जी नियम पाळते ती ‘काहीच नाही’ कशी?

आणि अंतराळ म्हणाल, तर तिथे गर्दी कमी आहे इतकंच. इटालियन शास्त्रज्ञ तोरिचेल्लीने १६४३ मध्ये पाऱ्याची नळी उपडी केली, पारा ७६ सेंटीमीटरवर थांबला आणि वर मोकळी जागा राहिली. लोक म्हणाले, सापडली पोकळी! पण तिच्यात पाऱ्याची वाफ होतीच. दोन दीर्घिकांच्या मधल्या ओसाडीतसुद्धा प्रत्येक घनसेंटीमीटरमध्ये विश्वाच्या बाळपणापासून भटकणारे सुमारे ४०० प्रकाशकण असतात आणि तापमान २.७ केल्विन भरतं. तेही सगळं उपसून काढलं असं धरलं, तरी डच भौतिकशास्त्रज्ञ कासिमिरने १९४८ मध्ये सांगितलं होतं की निर्वातात अगदी जवळ ठेवलेले दोन धातूचे पत्रे एकमेकांकडे ओढले जातील. १९९७ मध्ये ते नीट मोजूनही झालं. म्हणजे निर्वात हीसुद्धा एक वस्तूच. ‘आधी काहीच नव्हतं’ म्हणून ऋग्वेदातलं नासदीय सूक्त फॉरवर्ड करणाऱ्यांनी त्याची पहिली ओळ तरी वाचावी. तिथे ‘असत् (म्हणजे नसणं) होतं’ असं म्हटलेलंच नाही. सत् नव्हतं आणि असत् पण नव्हतं, असं आहे.

हे सगळं तुम्हाला कुठेही मिळेल. मी लिहायला बसले ते वेगळ्या कारणाने.

मी संस्कृतची एमए, विषय न्यायदर्शन, म्हणजे आपल्याकडचं जुनं तर्कशास्त्र. लग्न होऊन दापोली-मंडणगड पट्ट्यातल्या या घरात आले तेव्हा धाकटे दीर इंजिनिअरिंगला होते. अभ्यासाला काय होतं म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अभाव हा सातवा पदार्थ, म्हणजे जगात जे जे आहे त्याचा सातवा प्रकार. द्रव्य, गुण, कर्म वगैरे सहा, आणि ‘नसणं’ हा सातवा. झालं. भरल्या पंगतीत म्हणाले, “वहिनी नसलेल्या गोष्टींवर फर्स्ट क्लास आल्यात.” तीस वर्षं हाच विनोद. पाहुणा नवीन असला की हमखास.

मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या पुढच्या आगरात ४० पोफळी आणि ६ माड होते. दोन-तीन तासांत सगळे आडवे, मुळासकट. भावोजी बोरिवलीत अडकलेले. वीज नाही, फोन मेलेले. शेजाऱ्यांनी कुणाच्या तरी जनरेटरवर चार्ज करून आणलेल्या फोनवर त्यांचं एकच चाललेलं, “सगळं साफ करून घ्या, पावसाळा तोंडावर आहे.” आम्हीही घेतलं. फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही. जमीन वाळूची. आठ दिवसांच्या पावसात खड्डेसुद्धा बुजले.

पंचनाम्याला माणूस आला तो त्यानंतर. तोंडाला मास्क, छत्री मानेत धरलेली. पुढच्या आगराकडे पाहून म्हणाला, “ही मोकळी जागा दिसतेय,” आणि त्या ओळीत लिहिलं: निरंक.

सासूबाई तेव्हा ८४ वर्षांच्या. काठी घेऊन पडवीतून उतरल्या आणि चिखलात एकेक जागा दाखवायला लागल्या. हा देवाचा माड. ही माझ्या सासऱ्यांनी लावलेली. ही दरवर्षी सगळ्यात आधी पिकायची, हिचे बेडे आधी उतरायचे. तो माणूस काठीच्या टोकाकडे बघायचा आणि तिथे वाळू असायची.

एक गोष्ट मात्र शिल्लक होती. पोफळी कापताना सासूबाईंनी हट्टाने मिरवेली सोडवून घेतल्या होत्या, कुठेतरी परत लावता येतील म्हणून. त्या दगडी गडग्याजवळ ठेवल्या होत्या, अजून हिरव्या. ताठर जुने वेल सरळ होत नाहीत. प्रत्येक वेल पोफळीच्या जाडीएवढं वेटोळं धरून पडला होता, आत हात घातला तर कोपरापर्यंत जाई. मी ते वेटोळं उचलून त्या माणसासमोर धरलं. म्हटलं, हे बघा, हे कशाभोवती आहे? मिरवेल हवेवर चढते का?

तो म्हणाला, “बाई, वेलीचा कॉलम नाही.”

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, सांगतात की नुसता अभाव नसतोच. अभाव नेहमी कशाचा तरी असतो आणि कुठेतरी असतो. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, जिथे अभाव ते अधिकरण. पोफळीचा अभाव, आगरात. यातलं एक काढून घेतलंत तर वाक्य पुरं होत नाही. तुम्ही विचारता ती ‘संपूर्ण काहीच-नाही’ ही अशीच: कशाचं नसणं ते सांगता येत नाही, आणि कुठे म्हणावं तर ‘कुठे’सुद्धा काढून टाकलेलं. माझ्या मते ती शक्य नाही. हा सशाच्या शिंगाचा प्रकार आहे, शब्द जुळले म्हणून वस्तू झाली असं नाही.

मीमांसा हे दुसरं दर्शन; त्यातले प्रभाकराच्या पक्षाचे, म्हणजे प्राभाकर मीमांसक, याच्या विरुद्ध. ते म्हणतात, अभाव-बिभाव काही नाही, तुम्हाला दिसते ती नुसती जमीन. पंचनाम्याचा माणूस पक्का प्राभाकर होता, भावोजीही. मीमांसेतल्याच कुमारिलभट्टाच्या पक्षाने त्यांना उत्तर दिलंय: जी गोष्ट असती तर दिसलीच असती ती दिसत नाही, हेसुद्धा एक ज्ञान आहे. वादळानंतरच्या पहिल्या उघडिपीला सकाळी अकरा वाजता आमच्या चुलीपर्यंत ऊन आलं. या घरात तिथे कधी ऊन आलेलं नव्हतं. रात्री पोफळीची विरी, म्हणजे झावळीचं रुंद बूड, धपकन पडायचा आवाज येईनासा झाला आणि त्यानेच मला जाग यायची. आता सांगा, मला जाग कशाने येत होती? नुसत्या जमिनीने?

भावोजींचं म्हणणं, नवीन रोपं लावा, विषय संपला. नाही संपत. रोप लावण्याआधी त्याचं जे नसणं असतं तो प्रागभाव, त्याला सुरुवात नसते पण शेवट असतो. रोप आलं की तो संपला. मोडलेल्या झाडाचं नसणं हा ध्वंस. त्याला सुरुवात असते, शेवट नसतो. नवी पोफळ सहा-सात वर्षांनी धरेल, धरू दे. देवाच्या माडाचा ध्वंस तिने भरून येत नाही, कारण तो त्या माडाचा आहे.

आता थोडं दुसऱ्या बाजूचंही. तो माणूस दिवसाला तीस-चाळीस घरं चालत करत होता, त्यावर माझा राग आता उरलेला नाही. साफ करायला मीही हो म्हटलं होतं. भौतिकशास्त्र माझं ऐकीव-वाचीव आहे, पदवीधरांनी चुका दाखवाव्यात. आणि बौद्धांची शून्यता मी मुद्दाम घेतली नाही. नागार्जुनाची शून्यता म्हणजे ‘काहीच नाही’ नव्हेच, कशालाही स्वतःचा स्वतंत्र स्वभाव नाही एवढंच तो म्हणतो. तो वेगळा विषय.

राहता राहिले भावोजी. त्या सहा माडांतला एक विहिरीच्या वाटेवर आडवा झुकलेला होता. तिथून जाताना घरातला प्रत्येक जण वाकायचा. लहानपणी कपाळावर खोक पडलेली असल्यामुळे भावोजी इतरांपेक्षा जास्तच. पुढच्या वर्षी गणपतीला ते आले. वाट मोकळी, वर नुसतं आभाळ. मी पडवीत सुपारी सोलत बसले होते. कळशी घेऊन ते विहिरीकडे निघाले, आणि बरोबर त्या जागी आल्यावर मान खाली घालून वाकले, दोन पावलं तसेच गेले, मग सरळ झाले. मागे वळून पाहिलं. मी पाहत होते.

“काय झालं भावोजी?” मी विचारलं.

“काही नाही,” म्हणाले, आणि पाणी न काढताच परत येऊन चहा मागितला.