वाचकांचे प्रश्न : बंद पंपाशेजारची विहीर

प्रश्न : शेताला लागून असलेला पेट्रोल पंप दहा वर्षांपासून बंद आहे. जमिनीतल्या टाक्या काढल्या की नाही, कोणी सांगत नाही. पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास आला, दिवाळीनंतर गेला. पाणी तपासलं तर 'पिण्यायोग्य' असा शेरा मिळाला. काय समजायचं?
— एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : तो शेरा बाजूला ठेवा. नेहमीच्या तपासणीत क्षार, फ्लोराईड, नायट्रेट, जंतू पाहतात. पेट्रोलमधलं बेंझिन हे घातक रसायन पाहतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझिनची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे. नाकाला वास येतो तो याच्या कितीतरी पट बेंझिन असेल तेव्हा. म्हणून वास गेला, एवढ्यावर पाणी पिऊ नका. तुरटी, ब्लिचिंगने बेंझिन जात नाही आणि उकळलं तर स्वयंपाकघराच्या हवेत मिसळतं. गाळ काढायलाही कोणी विहिरीत उतरू नये. पेट्रोलची वाफ हवेहून जड, तळाशी साचते.

वास येतो-जातो त्याचं कारण पाण्याच्या पातळीत आहे. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की तेही मुरुमात उतरतं, फटींना चिकटून राहतं. पावसाळ्यात पाणी तिथवर चढलं की पुन्हा विरघळू लागतं.

तपासाची सुरुवात कागदापासून करा. पंपाच्या स्फोटक परवान्यासोबत मंजूर नकाशा असतो. परवाना देणाऱ्या 'पेसो'चं (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) मुख्यालय नागपुरातच आहे. टाक्या, भरण्याचं तोंड, पाइप त्यावर दिसतील. गळती बहुधा पाइपांच्या सांध्यांत, भरण्याच्या तोंडाशी, नाहीतर डिपरॉड (पेट्रोलची पातळी मोजायची कांडी) वर्षानुवर्षं आपटून झिजलेल्या टाकीच्या तळाशी असते. माती-पाण्याचे नमुने घ्यायची पहिली छिद्रं या जागांच्या लगतच घ्या.

मग पाणी कुठे वाहतं ते पाहा. रात्रभर मोटारी बंद ठेवून किमान तीन विहिरींची पातळी एकाच सकाळी मोजा, काठांची उंची ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) घ्या. बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या खडकात, पाणी भेगांच्या मागे जातं, त्यामुळे उताराच्या बाजूचं एकच छिद्र पुरत नाही.

सगळ्यात मोठी चूक होते ती बोअरची गाडी बोलावल्यावर. कॉम्प्रेसरची हवा बेंझिन उडवून लावते, वर कॉम्प्रेसरचं तेल नमुन्यात मिसळतं. दोनशे फूट मारलं तर वरची घाण खालच्या चांगल्या पाण्यापर्यंत पोचायला वाटच मिळते. काळ्या मातीत हाताचं ऑगर (माती काढायचं गिरमिट), पुढे कोअर, म्हणजे खडकाचा अखंड दांडा, काढणारं यंत्र लावा. दर अर्ध्या मीटरला आणि जिथे वास किंवा डाग दिसेल तिथे मातीचा नमुना घ्या. छिद्रात पाणी तपासण्यासाठी जी निरीक्षण नळी बसवतात तिचा जाळीदार भाग पावसाळ्यातल्या सर्वांत वरच्या पातळीच्याही वरून उन्हाळ्यातल्या सर्वांत खालच्या पातळीच्याही खालपर्यंत हवा. जाळी कायम पाण्याखाली राहिली तर तरंगतं पेट्रोल नळीत येतच नाही. पीव्हीसीचे सांधे आट्यांचे घ्या. पाइप चिकटवायच्या सोल्युशनमधली रसायनं अहवालात उमटतात.

प्रश्न : पाण्याचा नमुना आम्हीच बाटलीत भरून पाठवला तर?
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : प्लास्टिकच्या बाटलीत, वर बोटभर हवा ठेवून पाठवलात तर निकाल हमखास चांगला येईल! बेंझिन त्या हवेत निघून गेलेलं असतं. नमुना घेतानाच्या बहुतेक चुका पाणी 'स्वच्छ' दाखवतात, हीच यातली मेख आहे. प्रयोगशाळेकडून ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या मागवा, काठोकाठ भरा, उलटी करून टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर पुन्हा नवी भरा. निरीक्षण नळीतून घेत असाल तर आधी साचलेल्या पाण्याच्या तिप्पट उपसा: ५० मिलिमीटरच्या नळीत मीटरला जवळपास २ लिटर, म्हणजे पाच मीटर पाणी असेल तर ३० लिटर. पेट्रोलवर चालणारं जनित्र नमुन्याकडून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, लांब ठेवा.

नमुना टिकवण्यासाठी कुपीत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. आपल्याकडच्या जड पाण्यात ते कधीकधी फसफसतं, बुडबुडे धरतात. तसं झालं तर आम्लाविना कुप्या भरा, बर्फात ठेवा आणि सात दिवसांच्या आत तपासून घ्या. मागणी लेखी द्या: बेंझिन, टोल्युइन, इथिलबेंझिन, झायलीन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन. पंप २००० सालाआधीचा असेल तर मातीत शिसंही. तोवर पेट्रोलमध्ये ते असायचं. एकदा मे महिन्यात, एकदा ऑक्टोबरात असे दोन्ही वेळचे नमुने घ्या.