अर्ज दीडशे शब्दांचा, आग्रह एका ओळीचा

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा माहिती अधिकाराचा चार पानी अर्ज, त्यावर ग्रामपंचायतीकडून आलेले दोन ओळींचे उत्तर आणि त्याखाली ‘आता पुढे काय करू?’ हा तुझा प्रश्न, हे सगळे वाचले. अन्यायाविरुद्ध लिहायला हवे की नको, हे तुला सांगण्याची गरज नाही, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचे आहे ते त्या चार पानांविषयी.

तू अर्जाची सुरुवात ग्रामसेवकाच्या उर्मट वागण्याने केलीस, मग पाणीपट्टी, मग गावसभेचे न वाचलेले इतिवृत्त, आणि चौथ्या पानावर जेमतेम एका परिच्छेदात शाळेपासून स्मशानभूमीपर्यंतच्या त्या काँक्रीट रस्त्याचा विषय आला, जो पहिल्याच पावसाळ्यात उखडला आणि ज्यासाठी तू मुळात लिहायला बसली होतीस. महाराष्ट्राच्या माहिती अधिकार नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि अर्ज साधारणपणे १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. विषय एकाहून अधिक असतील तर माहिती अधिकारी फक्त पहिल्या विषयाचे उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतो. तुझा पहिला विषय होता ग्रामसेवकाचे वर्तन, आणि ग्रामपंचायतीचा जन माहिती अधिकारी बहुधा तोच असतो. त्याने ‘ही बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असे कळवले आणि तो मोकळा झाला. पळवाट त्याने शोधली नाही, ती तू त्याला पहिल्याच पानावर आखून दिलीस.

अर्ज सुटसुटीत हवा. हे मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळा आला तरी वाच. लांबी कमी केली म्हणजे अर्ज सुटसुटीत झाला, असे होत नाही. आपण नेमका कोणता कागद मागतो आहोत हे पहिल्या वाचनात, कोणालाही न विचारता कळले, तर तो सुटसुटीत. ‘रस्त्याच्या कामात भ्रष्टाचार का झाला?’ हा प्रश्न छोटा आहे, पण त्यात मागितलेला कागद कोणता? ‘का’चे उत्तर ही माहिती नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली म्हटले आहे, आणि जी माहिती कार्यालयाच्या अभिलेखात नाही ती तयार करून देण्याचे किंवा मत देण्याचे बंधन कार्यालयावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली म्हटले. तेव्हा ‘का’ विचारू नकोस. निर्णय ज्या कार्यालयीन टिपणीवर झाला ती टिपणी माग, म्हणजे ‘का’ तिथे आपोआप सापडेल.

तुझा अर्ज मी लिहिला असता तर तो असा झाला असता: ‘सन २०२३-२४ मध्ये झालेल्या शाळा ते स्मशानभूमी या सिमेंट काँक्रीट रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, गुणवत्ता चाचणीचा अहवाल आणि अंतिम देयक यांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात.’ मोजून पाहा, तीस शब्दही होत नाहीत. यात संताप नाही, आरोप नाही, तुझ्या आजोबांनी गावासाठी काय केले तेही नाही. माहिती का हवी हे सांगण्याचे बंधन माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) नुसार तुझ्यावर नाहीच, मग सांगायचे कशाला? मोजमाप पुस्तिकेत जाडी सहा इंच नोंदवली असेल आणि रस्त्यावर ती तीन भरली, तर तुझ्या विशेषणांचे काम ती नोंदच करील. त्यासाठी कलम २(ञ) प्रमाणे कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार तुला आहे. तो फार थोडे लोक वापरतात, कारण बहुतेकांची शाई निषेधातच संपते.

माझ्यावर एक आरोप नेहमी होतो की मी कार्यकर्त्यांचे कारकून करून टाकतो. १५० शब्दांची मर्यादा आली तेव्हा अनेकांनी तिचा निषेध केला, आणि तो योग्यच होता, कारण सामान्य माणसाच्या लिहिण्याला मापाची पट्टी लावणे हे कायद्याच्या भावनेला धरून नाही. निषेधाच्या पत्रकावर मीही सही केली. पण त्याच संध्याकाळी मी माझे अर्जांचे सगळे नमुने १५० शब्दांच्या आत आणून ठेवले, आणि त्यावरून माझा एक जुना सोबती माझ्याशी कायमचा बोलेनासा झाला. त्याचे अर्ज सभेत वाचून दाखवले की टाळ्या पडत; उत्तरे मात्र क्वचित येत. तो दुरावला याची खंत मला आहे. माझ्या मताची नाही. टाळ्या मिळवणाऱ्या अर्जाने एकाही ठेकेदाराचे बिल थांबल्याचे मी पाहिलेले नाही, आणि मी हे हट्टाने म्हणतो असे तुला वाटत असेल तर हो, हट्टानेच म्हणतो.

राग कुठे ठेवायचा, असे तू विचारशील. तो गावसभेत ठेव, तक्रार अर्जात ठेव, मला लिहिलेल्या पत्रात ठेव. तुझी पत्रे मला आवडतात आणि ती लांब असली तरी चालतील. ग्रामसेवकाच्या वागण्याची तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे स्वतंत्रपणे कर.

आता लगेच करायचे ते सांगतो. या उत्तरावर प्रथम अपील करायला तुला ३० दिवस आहेत, पण त्यात अडकू नकोस. रस्त्याचा नवा अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, म्हणजे नियमांतल्या ठरावीक नमुन्यात, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून दे. काम ग्रामपंचायतीचे की जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे, हे तिथल्या फलकावरून आधी पाहा. पत्ता चुकलाच तर कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, पण ती वेळ आणू नकोस. पाणीपट्टीचा अर्ज वेगळा, इतिवृत्ताचा वेगळा. प्रत्येकाची पोच घे. अर्ज देण्यापूर्वी मसुदे मला पाठव; मी त्यात काही घालणार नाही, फक्त खोडीन.

तुझा,
काका