सायकलस्वारांचे प्रश्न : किनाऱ्यावरचे चढ

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, वय ५४ आणि ५१. पुण्यात रोज २०-२५ किलोमीटर सायकल चालवतो. डिसेंबरात अलिबाग ते श्रीवर्धन दोन दिवसांत करायचं ठरतंय. समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाटच असेल ना? वाटेतला इतिहासही बघायचा आहे. – एक वाचक, चिंचवड

उत्तर : पोचाल दोन दिवसांत, पण बघणं राहील. तीन दिवस ठेवा. आणि ते ‘सपाट’ आधी डोक्यातून काढा. इथे दर थोड्या अंतराने डोंगराची सोंड समुद्रात उतरते. रस्ता तिच्यावरून चढतो, पलीकडच्या गावात उतरतो, की पुढची सोंड हजर. काशीदच्या पुढे चढ लागले की माझं ऐका, उतरून ढकला. मी दरवेळी ढकलतो.

पहिल्या दिवशी मुरूड, साधारण ५० किलोमीटर. त्यातला निम्मा वेळ रेवदंड्याला द्या. तिथे रस्ता पोर्तुगीज किल्ल्याच्या तटातूनच आत शिरतो, आणि गाव, नारळीच्या वाड्या सगळं किल्ल्याच्या पोटात. सातखणी मनोऱ्याचे उरलेत तेवढे मजले मान वर करून बघा. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी शेजारच्या चौलला उतरला, तोही विकायला एक घोडा घेऊन. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. तो पुढे घाट चढून बिदरपर्यंत गेला. आपण गिअरच्या सायकलीवर कुरकुरतो!

कुंडलिकेचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ल्यावर जमलं तर जा, पण पायथ्याच्या गावात चहाला थांबाच. इथली ख्रिस्ती मंडळी घरात पोर्तुगीजवरून आलेली बोली बोलतात, तिला ‘नोलिंग’ म्हणतात. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये हा मुलूख सोडला. मी पाणी भरत होतो तेव्हा दारातली आजी नातवाला त्या बोलीत रागावत होती. शब्द एकही कळला नाही, पण काय चाललंय ते नीट कळलं. मग माझ्याकडे वळून मराठीत, “बाटली धरा नीट, सांडतंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. सायकली धक्क्यावरच्या टपरीवाल्याकडे ठेवा आणि परतल्यावर त्याच्याकडेच नाश्ता करा. मग आगरदांडा. जंगलजेट्टीने (गाड्या नेणारी बोट, सायकल सहज जाते) पलीकडे दिघी. मी एकदा पाच मिनिटांनी चुकलो आणि भर उन्हात पुढच्या बोटीची वाट बघत बसलो. वेळा आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. रात्री दिवेआगर.

तिसरा दिवस सगळ्यात देखणा. भरडखोलला वाळत घातलेल्या मासळीचा वास, मग शेखाडी, कोंडविली, आरावी. समुद्र उजव्या हाताला, कधी कधी अगदी पायडलखाली असल्यासारखा. १९९३ च्या मुंबई स्फोटांची स्फोटकं उतरली ती याच शेखाडीच्या किनाऱ्यावर. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथांचं गाव, १७१३ मध्ये पेशवे झाले ते. वाड्यांमधून रोठा सुपारीबद्दल विचारा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आडव्या केलेल्या बागांची गोष्ट आपोआप निघेल, आणि तुमचा तास जाईल.

जाताना उत्तरेकडून दक्षिणेकडेच जा. दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो, तेव्हा पाठीशी राहील.

प्रश्न : किनाऱ्यावरून आल्यावर चेन गंजते. काय करावं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सायकल वाळूत घालू नका, फोटोसाठीसुद्धा. रोज संध्याकाळी मुक्कामी गोड्या पाण्याची एक बादली मागा, चेन आणि गिअर धुवा, जुन्या बनियनने कोरडं पुसा, मग तेलाचे थेंब. जेवायच्या आधी करा. जेवणानंतर सोलकढी पोटात गेली की होत नाही.