वाचकांचे प्रश्न : बायझंटाइन हस्तिदंती शिल्पे

प्रश्न : लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सहाव्या शतकातील देवदूताची हस्तिदंती पाटी पाहिली. चेहरा आणि वस्त्राच्या चुण्या अप्रतिम आहेत, पण त्याचे पाय पायऱ्यांवर नीट टेकलेले दिसत नाहीत. एवढ्या निष्णात कारागिराच्या हातून अशी चूक कशी झाली? शिवाय ही पाटी इतकी उभट आणि अरुंद का? (एक वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर : आधी आकाराबद्दल लिहितो, कारण या कलेतील पुष्कळ गोष्टी त्यातूनच उलगडतात. हत्तीच्या सुळ्याचा मुळाकडचा भाग पोकळ असतो, टोकाकडे तो निमुळता होत जातो आणि त्याला बाकही असतो. त्यामुळे रुंद, सपाट फळी मिळण्याजोगा भरीव भाग थोडाच असतो आणि ती फळी सुळ्याच्या लांबीच्या दिशेनेच कापावी लागते. आपण पाहिलेली पाटी सुमारे ४३ सेंटिमीटर उंच आणि १४ सेंटिमीटरहून किंचित अधिक रुंद आहे. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातील, हस्तिदंती फलकांपैकी आज उरलेला हा सर्वांत मोठा फलक. एवढी रुंदी मिळायला फार मोठा सुळा लागतो, म्हणजे कारागिराने जवळजवळ सुळ्याच्या मर्यादेपर्यंत जाऊन काम केले आहे. फळी अशी उभट असल्यामुळे तिच्यावर उभी, समोरून दिसणारी एकच आकृती सहज बसते.

आता पायांविषयी. चित्र बारकाईने पाहिले, तर देवदूत कमानीखाली उभा आहे. खांबांच्या मागे पायऱ्या चढत गेल्या आहेत आणि त्याची पावले त्या पायऱ्यांवर आहेत. म्हणजे तो खांबांच्या मागे असायला हवा. परंतु त्याचे पंख आणि हात खांबांच्या पुढे आलेले आहेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे शक्य नाही, आणि पावलेही पायऱ्यांवर भार न देता लोंबल्यासारखी वाटतात. मला यात कौशल्याची उणीव दिसत नाही. ज्या हातांनी गुडघ्यावर ताणलेले वस्त्र आणि बोटांची पकड इतक्या नेमकेपणाने कोरली, त्यांना पाऊल टेकवता आले नसते असे मानणे कठीण आहे. ग्रीक परंपरेतील शरीराची जाण या कारागिराकडे पुरेपूर होती, मात्र जागेचा हिशेब त्याने जाणूनबुजून सैल सोडला असावा, कारण ज्याला शरीराचे वजनच नाही असा दूत त्याला दाखवायचा होता. हे अर्थात माझे मत आहे. एक गोष्ट मात्र निश्चित : ही पाटी जोडीतील एक आहे. वरचा ग्रीक लेख वाक्याच्या मध्येच थांबतो आणि त्याचा उरलेला भाग हरवलेल्या दुसऱ्या पाटीवर होता. देवदूत उजव्या हातातील क्रूस असलेला गोल ज्याला देऊ करतो आहे, ती व्यक्ती, बहुधा सम्राट, तिथे असावी.

प्रश्न : हा हस्तिदंत भारतातून जात होता का? इटलीतील पाँपेईत सापडलेल्या भारतीय मूर्तीबद्दल वाचले होते, म्हणून विचारतो. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : पाँपेईची मूर्ती यापेक्षा बरीच जुनी आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडली गेलेली ही हस्तिदंती स्त्रीमूर्ती १९३८ साली सापडली. आपल्या भोकरदन आणि तेर येथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तींशी तिचे साम्य आहे, त्यामुळे ती दख्खनमध्ये घडली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेतही भडोच बंदरातून निर्यात होणाऱ्या मालात हस्तिदंत आहे.

पाचव्या-सहाव्या शतकांतील रुंद फळ्या मात्र बहुतांशी आफ्रिकी हत्तीच्या सुळ्यांतून निघालेल्या दिसतात. सहाव्या शतकातील व्यापारी-प्रवासी कॉस्मस लिहितो, की भारतातील हत्तींना मोठे सुळे नसतात, तर इथिओपियात मोठ्या सुळ्यांचे हत्ती विपुल आहेत आणि तेथून हस्तिदंत जहाजांनी रोमन प्रदेशात, इराणात, इतकेच नव्हे तर भारतातही जातो. उलटी गंगा म्हणावी अशीच ही नोंद आहे. तरीही बायझंटाइन कल्पनेत भारताला स्थान होतेच. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील ‘बार्बेरिनी’ फलकावर मध्यभागी घोड्यावरचा विजयी सम्राट आहे आणि खालच्या पट्टीत नजराणे घेऊन आलेले परदेशी लोक. त्यांपैकी वाघ, हत्ती आणि हत्तीचा सुळा घेऊन येणारे उघड्या अंगाचे लोक भारतीय असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात.

प्रश्न : इतकी मौल्यवान हस्तिदंती वस्तू रोमन साम्राज्यातील कॉन्सल (वर्षभरासाठी नेमलेले मानाचे पदाधिकारी) भेट म्हणून वाटत कसे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सुळा आपल्याला वाटतो तितका महाग नव्हता. सम्राट डायोक्लेशनच्या इ. स. ३०१ च्या दरपत्रकात एक पौंड हस्तिदंताचा कमाल भाव १५० देनारियस (रोमन नाणे), तर चांदीचा ६,००० देनारियस आहे. मोल होते ते मानाचे. नव्या वर्षी पदावर येणारा कॉन्सल बिजागरीने जोडलेल्या दोन पाट्या भेट देई. त्यांच्या आतल्या बाजूला, उंच कडांच्या मधल्या उथळ खोबणीत मेण भरून लिहिता येई. हा मान केवळ नियमित, म्हणजे वर्षारंभी पदावर येणाऱ्या, कॉन्सलांचाच राहील, असा कायदा इ. स. ३८४ मध्ये झाला. पुढे सम्राट झालेल्या जस्टिनियनने ५२१ मध्ये कॉन्सल असताना दिलेल्या पाट्यांवर लॅटिनमध्ये म्हटले आहे, की या भेटी किमतीने लहान, परंतु मानाने थोर आहेत.

५४१ नंतर सम्राटाव्यतिरिक्त कोणी कॉन्सल नेमला गेला नाही आणि या पाट्याही थांबल्या. त्या टिकल्या त्या चर्चमुळे, कारण प्रार्थनेत ज्यांची नावे घ्यायची त्यांच्या याद्या आतल्या बाजूला लिहिल्या जाऊ लागल्या. सध्या लिव्हरपूलमध्ये असलेल्या, ५१३ सालचा कॉन्सल क्लेमेंटिनस याच्या पाट्यांच्या आत आठव्या शतकातील ग्रीक प्रार्थना कोरलेली आहे.

प्रश्न : हस्तिदंत आणि हाड यांतील फरक कसा ओळखावा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : भिंगाखाली हाडात बारीक काळसर ठिपके किंवा रेषा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या असतात. हस्तिदंतात त्या नसतात, आणि सुळ्याच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. बायझंटाइन कारागीर दोन्ही वापरत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील दहाव्या शतकातील ‘व्हेरोली’ पेटीत लाकडावर हस्तिदंताच्या आणि हाडाच्या पट्ट्या शेजारीशेजारी बसवलेल्या आहेत.