ऑस्ट्रेलियात पाठवलेले आयरिश कैदी बहुतेक राजकीय बंडखोर होते का?

नाही, बहुतेकांचा गुन्हा साधी चोरी हाच होता: गाय, मेंढी, कपडे, क्वचित खाण्याचे जिन्नस. जहाजांसोबतच्या कैद्यांच्या याद्यांवरून हे दिसतं. १७९१ ते १८५३ या काळात थेट आयर्लंडमधून सुमारे ४०,००० कैदी गेले, त्यात बंडखोर थोडेच. पण गाजले तेच. आयर्लंडमधल्या ब्रिटिशांविरुद्धच्या १७९८ च्या उठावातले कैदी सिडनीला पोचले आणि मार्च १८०४ मध्ये सिडनीजवळच्या कॅसल हिलला त्यांनी पुन्हा बंड केलं. ते दोन दिवसांत मोडून काढलं गेलं. जानेवारी १८६८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला लागलेल्या शेवटच्या कैदी जहाजावर, ‘हूगोमाँट’वर, ६२ फेनियन, म्हणजे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या गुप्त संघटनेचे लोक होते.

मात्र ‘साधा’ आणि ‘राजकीय’ ही वाटणी तितकी सरळ नाही. जमीनदाराच्या दारावर रात्री टोळीने चालून जाणारा, शपथ घेऊन गुप्त संघटनेत शिरणारा कूळ-शेतकरी कुठल्या रकान्यात टाकायचा? शिवाय लिव्हरपूल-लंडनमध्ये पकडलेले आयरिश लोक इंग्लंडच्या जहाजांतून गेले, ते या ४०,००० मध्ये धरलेले नाहीत. आणि आयर्लंडमधल्या मोठ्या दुष्काळाच्या काळात, १८४८ ते १८५० मध्ये, अनाथालयवजा वर्कहाऊसमधून पाठवलेल्या चार हजारांहून जास्त मुली तर कैदी नव्हत्याच. त्यांची गल्लत करू नका.