प्लेअर घ्यायचाय? आधी तुमचं गाणं कोणतं ते सांगा

चवथीच्या धामधुमीत साठून राहिलेले प्रश्न या वेळी एकदम घेतोय. छोट्या म्युझिक प्लेअरबद्दल लिहिणाऱ्या बहुतेकांनी ‘कुठलं मॉडेल घेऊ’ असं विचारलंय. ऐकणार काय, हे मात्र फार थोड्यांनी कळवलंय, आणि उत्तर द्यायला मला तेच आधी लागतं. तीन-चार मिनिटांची सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याला जो प्लेअर पुरतो, तोच पाऊण तासाचा ख्याल किंवा दोन तासांचं कीर्तन ऐकणाऱ्याला आठवड्याभरात नकोसा होतो.

डिचोलीहून पणजीला रोज कदंबाने जाते-येते. गाणी फोनवरच ऐकते. वेगळा प्लेअर घेण्यात अर्थ आहे का?

फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत असेल आणि फोनमध्ये जागा असेल, तर नाही. तेच पैसे चांगल्या इयरफोनवर घाला, फरक लगेच कळेल. बसच्या घरघरीत बाहेरचा आवाज अडवणारे, कानात नीट बसणारे रबरी टोकाचे इयरफोन असले की आवाज वाढवावा लागत नाही.

वेगळ्या प्लेअरचा फायदा ज्यांना होतो ते लोक मला माहीत आहेत. विलंबित रंगात आलेला असताना फोन वाजलेला ज्यांना सहन होत नाही ते. चोर्ला किंवा अनमोड घाटातून वरचेवर जाणारे, जिथे रेंज गेली की ऑनलाइन गाणं अर्ध्यात थांबतं. आणि फोनला हेडफोनची पिन घालायचं भोकच राहिलं नाही म्हणून वैतागलेले. तुम्ही यांच्यात बसत असाल तर कपड्याला क्लिपने अडकवायचा, बटणांचा साधा प्लेअर घ्या. सॅनडिस्कचे क्लिप प्रकारातले प्लेअर या जातीचे. सोनीचा वॉकमन, फिओ, हायबाय यांचे मोठ्या स्क्रीनचे प्लेअर रोजच्या बसप्रवासाला गरजेपेक्षा जास्त आहेत.

जुना आयपॉड स्वस्तात मिळतोय असंही तुम्ही लिहिलंय. आयपॉड २००१ साली आला आणि २०२२ मध्ये कंपनीने तो बंद केला. त्यामुळे आज मिळणाऱ्या जुन्या तुकड्याची बॅटरी बदललेली आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

वडील ७८ वर्षांचे, मूळ कुर्डीचे. आता वाडें इथे राहतात. नाट्यगीतं आणि जुन्या बाईंच्या रेकॉर्डी हा त्यांचा जीव. मोबाइल त्यांना जमत नाही. बटणांचा प्लेअर घेऊ की टचस्क्रीनचा?

बटणांचाच. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या ज्या गावाने मोगूबाई कुर्डीकर दिल्या, त्या गावच्या माणसाला गाणं ऐकायला नातवाची वाट पाहावी लागू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देतो.

दुकानात वडिलांना सोबत न्या आणि डोळे मिटून बटणं ओळखता येतात का ते बघायला सांगा. आवाज कमी-जास्त करायचं बटण आणि गाणं पुढे-मागे करायचं बटण वेगवेगळं हवं. स्वस्त प्लेअरमध्ये एकच बटण दाबलं तर गाणं बदलतं आणि दाबून धरलं तर आवाज वाढतो. म्हाताऱ्या बोटांना हा फरक साधत नाही. चालू-बंद करायला सरकणारा खटका असेल तर उत्तम.

दुसरं, देवनागरी. हे बॉक्सवर कुठेच लिहिलेलं नसतं. अनेक लहान प्लेअर मराठी नावांच्या जागी चौकोन दाखवतात. काहींत अक्षरं दिसतात, पण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. अँड्रॉइडवर चालणाऱ्या महाग प्लेअरमध्ये देवनागरी सहसा नीट दिसते, पण ते टचस्क्रीनचे. म्हणून दुकानातच, आपल्या मेमरी कार्डावर चार मराठी नावांची गाणी नेऊन, स्क्रीन बघून घ्या. चौकोन दिसले तर फायलींना रोमन अक्षरांत नावं द्या आणि एका वहीत मोठ्या अक्षरात मराठी यादी लिहून प्लेअरसोबत ठेवा. फोल्डर १ भैरवी, फोल्डर २ नाट्यगीतं, असं. वही बॅटरीवर चालत नाही.

तिसरं, क्रम. पुष्कळ साधे प्लेअर गाणी नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, कार्डावर ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतात. म्हणून फायलीच्या नावाच्या सुरुवातीला 01, 02 असे आकडे इंग्रजी अंकांत घाला आणि कार्ड रिकामं करून एकेक फोल्डर त्याच क्रमाने कॉपी करा. नुसता १ लिहिला तर १ नंतर १० येतो, म्हणून पुढचं शून्य विसरू नका.

शेवटचं म्हणजे, बंद करून पुन्हा चालू केल्यावर गाणं सोडलं तिथूनच सुरू होतं का, हे तपासा. वडिलांना दुपारी झोप लागते, आणि उठल्यावर पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागलं तर प्लेअर कपाटात जातो.

१२८, ३२० की फ्लॅक? मुलगा म्हणतो फ्लॅकशिवाय ऐकणं म्हणजे कानांचा अपमान. (फोंडा)

मुलाची कळकळ खरी आहे, पण आधी हिशेब पाहू. १२८ आणि ३२० म्हणजे एमपीथ्री फाइल सेकंदाला किती किलोबिट जागा घेते ते आकडे; फ्लॅक हा फाइलचा वेगळा प्रकार. सीडीवरचं संगीत सेकंदाला १४११ किलोबिट जागा घेतं. एमपीथ्री कानाला सहसा न जाणवणारा भाग काढून टाकून ती फाइल लहान करतो. फ्लॅक काहीच टाकत नाही, फक्त घडी घालून ठेवतो, त्यामुळे फाइल साधारण निम्मी होते. पाऊण तासाचा एक राग १२८ च्या एमपीथ्रीत ४३ एमबी, ३२० मध्ये १०८ एमबी आणि फ्लॅकमध्ये अडीचशे एमबीच्या आसपास बसतो. ३२ जीबीच्या कार्डावर ३२० ची सव्वादोनशे तासांची गाणी मावतात.

लक्ष देऊन ऐकताना १२८ आणि ३२० मधला फरक पुष्कळांना कळतो. तानपुऱ्याची जवारी, झांजेची किणकिण आणि टाळ्यांचा कडकडाट इथे तो आधी कळतो. १२८ मध्ये हे आवाज पाण्यात बुडवल्यासारखे येतात. ३२० आणि फ्लॅक यांतला फरक शांत खोलीत, उत्तम हेडफोन लावूनसुद्धा फार थोड्यांना सांगता येतो. तरी फ्लॅकची बाजू मी एका कारणासाठी घेईन: घरातली मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवा. तिच्यापासून कधीही एमपीथ्री करता येते. एमपीथ्रीची फ्लॅक केली तर गेलेलं परत येत नाही, नुसती फाइल फुगते. इंटरनेटवर अशा फुगवलेल्या ‘फ्लॅक’ पुष्कळ आहेत.

आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरून आलेल्या गाण्यांसाठी जागा वाया घालवू नका. त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावत, आणि वरच्या पट्टीतला सूक्ष्म आवाज तिथे मुळातच उतरलेला नाही. केरीच्या केसरबाई केरकरांचं भैरवीतलं साडेतीन मिनिटांचं गाणं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलं. ते मी फोनवर, साध्या प्लेअरवर आणि मोठ्या यंत्रणेवरही ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी त्या आवाजापुढे आकडे विसरायला झाले आहेत.

मुलाला एक गोष्ट जरूर तपासायला सांगा. आलापीचे आणि द्रुतचे तुकडे वेगवेगळ्या फायलींत असतील तर मधे क्षणभर खंड पडतो का? एमपीथ्री तयार होताना सुरुवातीला आणि शेवटी शांततेचा बारीक तुकडा चिकटतो. चांगला प्लेअर तो गाळतो, साधा गाळत नाही. फ्लॅकमध्ये असा तुकडा मुळातच चिकटत नाही. आपल्या संगीताला फ्लॅकचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथे दिसतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात २५६ जीबीचं कार्ड फार स्वस्तात मिळालं. शंभरेक गाणी वाजतात, पुढची अर्ध्यात तुटतात किंवा वाजतच नाहीत. प्लेअर बिघडला का?

प्लेअर नाही, कार्ड खोटं असण्याची शक्यता जास्त. अशा कार्डात खरी जागा बहुधा ८ किंवा १६ जीबीच असते आणि आतल्या चिपला मात्र ‘मी २५६ आहे’ असं सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा भरली की पुढची गाणी हवेत जातात किंवा आधीच्यांवरच लिहिली जातात. नावं यादीत दिसतात, आत काही नसतं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर कार्ड काठोकाठ भरून पुन्हा वाचून बघतं आणि खरी जागा सांगतं. नवं कार्ड कुठूनही घेतलंत तरी गाणी भरण्याआधी ही परीक्षा घ्याच.

परीक्षेत कार्ड खरं निघालं, तर दुसरं कारण पाहा. जुने आणि साधे प्लेअर ३२ जीबीपर्यंतचीच कार्डं ओळखतात, कारण त्यापुढच्या कार्डांत फायली एक्सफॅट नावाच्या वेगळ्या पद्धतीने मांडलेल्या असतात आणि ती या प्लेअरना वाचता येत नाही. मग ३२ ची दोन कार्डं घ्या. एकावर भजनं, एकावर बाकी सगळं.

वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवत. १९८५ च्या आसपासच्या वीस कॅसेट आहेत, काहींवर पांढरी बुरशी. प्लेअरमध्ये आणता येतील का?

येतील. पण घाई करू नका, आणि बुरशीची कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये अजिबात घालू नका. बुरशी फीत वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते.

आधी प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे दात मोडून टाका, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. मग चांगल्या आणि बुरशीच्या कॅसेट वेगळ्या करा. बुरशीच्या कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात पंधरा दिवस ठेवा. सुकलेली बुरशी घराबाहेर, नाकाला फडकं बांधून, मऊ ब्रशने हलकेच काढता येते. कॅसेटला पाच स्क्रू असतील तर ती उघडून फीत दुसऱ्या स्वच्छ डबीत बसवता येते. टेपवर दाब देणारा फेल्टचा तुकडा गळून पडलेला असतो, तोही नव्या डबीत आयता मिळतो. आपल्या पावसाळ्यात हे काम नको. डिसेंबर-जानेवारीत करा.

टेपरेकॉर्डर चांगला शोधा. हेड, लोखंडी दांडी आणि रबरी चाक साफ करा. हेड-दांडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, रबराला साबणाच्या पाण्याचं फडकं पुरे. मग आवाज बोदा वाटला तर हेडशेजारच्या बारीक स्क्रूला पाव-पाव वळसा देऊन झांज सगळ्यात लखलखीत ऐकू येते ती जागा पकडा. ज्या मशीनवर ती भजनं भरली त्याचं हेड किंचित वाकडं असू शकतं, आणि त्याच्याशी जुळवून घेतल्याशिवाय टाळ उमटत नाहीत. हे मी अनेक घरांत पाहिलंय: मंडळी म्हणतात ‘टेप खराब झाली’, आणि स्क्रू फिरवल्यावर तीस वर्षांपूर्वीचं मखर, बायकांची कुजबुज, मधेच कुत्र्याचं भुंकणं, सगळं समोर उभं राहतं.

लॅपटॉपच्या एकुलत्या एक भोकात वायर घालू नका, ते बहुधा माइकचं असतं आणि आवाज एका कानाचा होतो. यूएसबी ऑडिओ इंटरफेस (टेपचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी छोटी डबी) किंवा लाइन-इन, म्हणजे दुसऱ्या यंत्राची वायर घालायचं भोक, असलेला छोटा रेकॉर्डर घ्या. ऑडेसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. आपोआप आवाज सांभाळणारी सोय बंद ठेवा. नाहीतर झांज वाजली की गाणारा दबतो, झांज थांबली की खरखर वर येते. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या खाली राहू द्या. खरखर काढण्याचा मोह आवरा: जास्त काढली की पखवाजाची शाईवरची आस जाते. मूळ प्रत जशी आहे तशी फ्लॅकमध्ये ठेवा, दोन वेगवेगळ्या ठिकाणी, आणि प्लेअरसाठी ३२० ची एमपीथ्री करा. कॅसेटच्या खोक्यावरचं अक्षर, तारीख, कुणाच्या घरचं भजन, याचा फोटोही काढून ठेवा. ज्यांना ती नावं ओळखता येतील ते आज घरात आहेत, त्यांनाच आज विचारा.

वास्कोच्या दामोदर सप्ताहात प्लेअरवरच भजन रेकॉर्ड करता येईल का?

प्लेअरमधला माइक बोलण्यासाठी असतो. चोवीस तास अखंड चालणाऱ्या त्या भजनात टाळ-पखवाजाच्या आवाजाने तो फाटतो. वेगळा रेकॉर्डर न्या, लाउडस्पीकरपासून दूर, गाणाऱ्यांच्या बाजूला बसा आणि आधी मंडळींना विचारा.

बारा वर्षांची मुलगी प्लेअर कानाला लावून झोपते. किती आवाज चालेल?

जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबलला तेवढेच तास, असं आहे. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो, म्हणजे मोठ्या माणसालाही ९० डेसिबलला आठवड्यात साधारण ४ तासच. ज्या प्लेअरमध्ये आवाजाची कमाल मर्यादा लावता येते तोच मुलीला द्या, आणि झोपताना स्लीप टायमरवर वीस मिनिटं. तिच्या कानात गाणं असताना तुम्ही हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारा. तिला ऐकू आली नाही तर आवाज जास्त आहे.

पावसाळ्यात प्लेअरची पाठ फुगली आहे. चालतो मात्र. (काणकोण)

चालवू नका. फुगलेली पाठ म्हणजे आत वायू भरलेली बॅटरी. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका, उन्हातही ठेवू नका. बॅटरी बदलून देणाऱ्याकडे न्या आणि जुनी ई-कचऱ्यातच जाऊ द्या.

पुढच्या प्लेअरसाठी एवढं करा: जून ते सप्टेंबर वापरणार नसाल तर अर्धा चार्ज करून, सिलिका जेलच्या पुडीसह झाकणाच्या डब्यात ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा अर्ध्यापर्यंत चार्ज करा. उकड्या तांदळाच्या डब्यात पुरायचा सल्ला बरेच जण देतात. तांदळाची पूड हेडफोनच्या भोकात जाते, ते टाळा. समुद्राजवळ राहता, तेव्हा महिन्यातून एकदा हेडफोनची पिन कोरड्या सुती कापडाने पुसा. खारी हवा आधी तिथेच बसते, आणि एका कानातून आवाज येईनासा झाला की लोक प्लेअर टाकून देतात.